आधी भाकरीची पाठ दाखवा

माझा फोन मला रोज सकाळी धमकी देतो. जागा संपली, काहीतरी डिलीट करा म्हणतो. काय डिलीट करू, सांगा की. लग्नातले व्हिडिओ गेले, नणंदेच्या वास्तुशांतीचे फोटो गेले, नवऱ्याचे तर पहिल्या झटक्यात गेले, तो काय घरातच असतो. आता उरलंय ते सगळं आमच्या स्वयंपाकाच्या ग्रुपचं. ते मी डिलीट करणार नाही. फोन बंद पडला तरी चालेल.

ग्रुपचं नाव 'तव्यावरच्या बाया'. नवरा म्हणाला, "हे असलं कसलं नाव?" मी म्हटलं, तुम्ही येणार आहात का ग्रुपमध्ये? नाही ना? मग झालं तर.

मी सुनंदा. सोलापुरात साड्यांना पिको-फॉल करून द्यायचं माझं छोटंसं दुकान आहे. पाय मशीनवर आणि कान फोनवर. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, आधी फॉल लावा की." मी म्हणते, फॉल कुठं पळून जात नाही, ग्रुपवरचं भांडण पळून जातं. असं रोज ऐकता ऐकता किस्से साठत गेले. मी काही साठवायला बसले नव्हते. पण सांगायला बसलं की सगळे शेवटी एकाच बाईच्या फोनपाशी येऊन थांबतात. ती बाई येईलच आता.

*

सुरुवातीला ग्रुपला नियमबियम काही नव्हते. शेजारच्या गल्लीतली शबानाभाभी, चादरीच्या मागावाल्या घरातली पद्मा, मी आणि आमच्या ओळखीच्या चार-दोघी. पद्माच्या घरी तेलुगू, भाभीच्या घरी दखनी आणि माझ्या घरी मराठीतनं भांडणं. ग्रुपवर तिन्ही चालायचं.

एकदा भाभीनं ज्वारीच्या भाकरीचा फोटो टाकला. टम्म फुगलेली, पांढरीशुभ्र, कॅलेंडरवर छापावी अशी. सगळ्यांनी अंगठे दिले, बदाम दिले.  पद्मानं मात्र लिहिलं, "पाठ दाखव."

"कायकू?" भाभीनं विचारलं.

"पाठ दाखव भाभी."

 मग फोटो आला. पाठीचा नुसता कोळसा. आम्हाला वाटलं, आता भाभी रुसणार, ग्रुप सोडून जाणार. तर तिचा आवाज आला, "जली तो जली. खानेवाले जिंदे हैं ना?"

त्या दिवशी नियम झाला. ग्रुपमध्ये यायचं असेल त्यानं आधी भाकरीचा फोटो टाकायचा, पोटाकडनं आणि पाठीकडनं. जळकी चालेल, चिरलेली चालेल, लपवलेली चालणार नाही. बाहेरगावच्या कुणीतरी विचारलं, "हे काय खूळ?" आम्ही कळवलं, असू दे आमचं खूळ. केकचे फोटो टाकायचे ग्रुप लई आहेत, तिकडं जावा.

*

मग एक दिवस सांगोल्याकडच्या एका खेड्यातनं रूपाली नावाच्या पोरीचा मेसेज आला. "ताई, माझ्या सासूबाईंना ग्रुपमध्ये घ्या. त्यांना टाइप करता येत नाही. बोलता येतं."

बोलता येतं म्हणजे काय, ते आम्हाला पुढं कळलं. या सासूबाई म्हणजे मालनअक्का. साठी ओलांडलेली, घरी शेळ्यामेंढ्या आणि पोटापुरती ज्वारी. नवरा वारलेला, मुलगा ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. घरात ही, सून आणि धाकटा दीर. दिराला सगळं गाव तात्या म्हणतं. तात्यांची बायकोही मागंच गेलेली, त्यामुळं वर्षानुवर्षं त्यांच्या ताटात भाकरी अक्काच्याच हातची.

नियमाप्रमाणं अक्काचे फोटो आले. भाकरीचं पोट आलं. पाठ आली, एक डाग नाही. आणि मागनं न मागता तिसरा फोटो आला, तव्याच्या पाठीचा. घासून लख्ख केलेला. खाली अक्काचा आवाज, "तवा बी बगून घ्या. मागनं कुणी काय म्हणाया नगं."

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आवाज आला. "जेवला का गं समद्याजणी?" एवढंच. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. दुपारी जेवायच्या वक्ताला अक्का विचारणार म्हणजे विचारणार. मी तर घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं. अक्कानं विचारलं की मशीन बंद करून डबा उघडायचा.

तिच्या प्रत्येक मेसेजमागं शेळी ओरडायची. पद्मानं एकदा चेष्टेनं विचारलं, "अय्यो अक्का, तुमच्या मागं ही दुसरी कोण बोलते?"

अक्का म्हणाली, "ती व्हय? ती आमची चंद्री. मला बी घ्या म्हणती ग्रुपात. पर तिला भाकरी कुटं जमती?"

*

आमच्यात एक मंजिरी आहे. सोलापूरचीच पोर, लग्न करून पुण्याला गेली. तिला सगळं मापात लागतं. तिनं अक्काला शेंगांच्या चटणीचं प्रमाण विचारलं.

अक्का म्हणाली, "मुटीनं घ्यायचं. माणसामागं एक मूट शेंगदाणं."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"आता तुजी मूट मी कशी मोजू हितं बसून? घे आन् कर."

मंजिरीनं केली. संध्याकाळी तिचा तक्रारीचा मेसेज आला, चटणी कमी पडली म्हणून. तिघांना पुरली आणि सासूबाईंच्या वाटणीला काही उरलं नाही, त्या तशाच उठल्या.

अक्कानं विचारलं, "तुला पोटभर मिळाली न्हवं?"

"हो, मला मिळाली."

"मग मूट बराबर हाय की."

मंजिरीच्या सासूबाई मंजिरीच्याच फोनवर ग्रुपवरचं सगळं ऐकायच्या, हे आम्हाला नंतर समजलं.  पुढच्या वेळी म्हणे त्यांनी स्वतःच्या मुठीनं केली.

*

याच मंजिरीनं पुढं एक मोठा मेसेज टाकला. नंबर घालून, मुद्देसूद. ग्रुप स्वयंपाकाचा आहे, तरी इथं दिवसभर अवांतर गप्पा चालतात. कुणाची कंबर दुखते, कुणाची शेळी व्यायली, कोण जेवलं, कोण नाही जेवलं. यापुढं फक्त रेसिपी टाकाव्यात, अशी तिची सूचना होती.

माझं डोकंच फिरलं. मी लिहायला घेतलं होतं, दोन शब्द चांगले सापडलेही होते. तेवढ्यात अक्काचा आवाज आला. शांत.

"मंजिरे, रेसिपी मला येती गं. इतकी वरीस करतीया की. त्यासाटी मी न्हाय आले. माजा मालक गेल्यापासनं घरात मानूस बोलत न्हाय. आमचं भावजी दिसभरात एकच शब्द बोलत्यात, पानावर बसलं की, वाड. सूनबाई हाय, पर तिला किती म्हून बोलू, तिचंबी वय हाय का माज्यासंगं बसायचं? मी बोलायला आलीया हितं. बोलायचं नसंल तर सांगा, जाती."

मशीनवर कुणाची तरी पैठणी होती, तिच्यावर पाणी पडू नये म्हणून मी ती बाजूला सारली. रडू आलं म्हणून सांगते, लाजायचं काय त्यात.

मग मी लिहिलं, नवा नियम. ग्रुपवर अवांतर गप्पा झाल्याच पाहिजेत, वेळ उरला तर रेसिपी टाकावी. सगळ्यांचे अंगठे आले. मंजिरी ग्रुप सोडून गेली.

दोन दिवसांनी परत आली. पहिलाच मेसेज, "भरल्या वांग्यात पाणी जास्त झालंय, पाहुणे येऊन बसलेत, काय करू?"

कुणी काही सांगायच्या आत अक्काचा प्रश्न आला, "आदी सांग, तू जेवलीस का?"

*

शबानाभाभीची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. अक्कानं हाळिवाचे लाडू केले आणि डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला. आमच्याकडं डबे असेच फिरतात, कंडक्टरला सांगायचं कुणाचा आणि कुठं, तो पोचवतो. भाभीनं स्टँडवर जाऊन घेतला. आता डबा रिकामा कसा पाठवायचा? नात झाली म्हणून तिनं त्यात खजूर आणि हातच्या शेवया भरल्या आणि त्याच गाडीनं परत धाडला.

त्या दिवशी अक्काचा पाय दुखत होता. डबा घ्यायला फाट्यावर तात्या गेले. कंडक्टरनं खिडकीतनं डबा काढला आणि भर माणसांत ओरडला, "मालनअक्काचा डबा! सोलापूरच्या शबानाभाभीकडनं!"

फाट्यावर बसलेली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "वैनीला शहरातनं डबं येत्यात, आन् तुमास्नी पत्ता न्हाय व्हय तात्या?"

पुढचं रूपालीनं सांगितलं. तात्या घरी आले, डबा उंबऱ्यावर ठेवला.

"कोण ही शबाना?"

अक्का म्हणाली, "माजी मैत्रीण."

रूपाली म्हणते, घरात हा शब्द तिनं सासूच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. अक्काच्या तोंडालाही तो नवाच असणार. जाऊ होती, नणंद होती, विहीण होती, शेजारीण होती. मैत्रीण आत्ताच झाली होती.

"ह्या वयात मैत्रिणी? गाव हसतंय आपल्याला." तात्यांनी अक्काचा फोन उचलला, आपल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी करदोट्याला बांधली.  अक्का उठली, भाकरी थापायची काठवट धुतली, पुसली आणि खुंटीला टांगली.

रूपालीनं विचारलं, "आत्याबाई, भाकरी?"

"फोन कपाटात, तर काटवट खुटीला."

*

आता ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अक्कानं तात्यांना उपाशी ठेवलं नाही. वाटीभर कालवण, भात, कांदा, ताक, सगळं ताटात. फक्त भाकरी नाही. आमच्याकडं त्याला जेवण म्हणत नाहीत. भातानं पोट भरतं, पण माणूस पानावरनं उठला की इकडंतिकडं बघत बसतो.

तात्यांनी सुनेला सांगितलं, तू कर. रूपालीनं मनगटाला फडकं बांधलं आणि सांगितलं, हात मुरगळलाय. त्याच मुरगळलेल्या हातानं ती आम्हाला पानभर मेसेज टाइप करायची. तिचा फोन तिच्या नवऱ्यानं घेऊन दिलेला, त्याच्यावर तात्यांचा हात चालत नव्हता.

ग्रुपवर मात्र दुपार झाली की चमत्कारिक वाटायचं. जेवायची वेळ व्हायची आणि कुणी विचारायचंच नाही. मी दुपारचा डबा संध्याकाळी उघडायला लागले. मला संतापही लई आला होता. मी म्हटलं, चला, एसटीनं जाऊ, त्या माणसाला दोन शब्द ऐकवू, बघू काय करतो ते.

शबानाभाभी म्हणाली, "नक्को. अपन गए तो लोगां और हँसते. अक्का लड़ रही है, लड़ने दो."

"आणि आपण काय करायचं?"

"अक्का हमकू रोज पूछती थी ना? अब हम पूछेंगे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनी ग्रुपवर आवाज पाठवले. भाभी म्हणाली, "अक्का, खाना खा लिए क्या?" पद्मा म्हणाली, "अक्का, तिन्नावा?" मंजिरी म्हणाली, "अक्का, जेवलात का?" मी म्हटलं, "अक्का, तू जेव गं, घाबरू नकोस." रूपालीनं अंगणात फोनचा आवाज मोठा केला आणि एकेक वाजवत गेली. अक्का शेळ्यांना पाला घालत होती, ऐकत होती आणि प्रत्येकीला "व्हय, जेवले" म्हणत होती, जशा काही आम्ही कुंपणापलीकडंच उभ्या आहोत. तात्या लिंबाखाली बाजेवर होते. त्यांनी कूस बदलली.

मग ते रोजचंच झालं.

*

तात्यांनी बाकीचे उपाय करून बघितले. दुकानातनं पाव आणला, कालवणात बुडवला, अर्धा शेळीला घातला. भावकीत एका घरी जेवायला गेले. तिथल्या बाईनं वाढता वाढता विचारलं, "मालनवैनीनं भाकरी का बंद केली वो?" खरं सांगायची सोय नव्हती. हातातली भाकरी तशीच ठेवून आले.

आणि एका सकाळी अक्का शेळ्या घेऊन रानात गेलेली असताना तात्यांनी खुंटीवरची काठवट काढली. रूपाली भिंतीआडनं बघत होती. पीठ घेतलं, गार पाणी घातलं, थापायला बसले. तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे चार देश झाले होते. तात्यांनी ते चारही खाल्ले. काठवट धुतली, पुसली आणि होती तशी खुंटीला लावली.

रूपाली म्हणाली, "ताई, मला हसू यायच्या ऐवजी कसंतरीच झालं. मी करून देऊ का?"

मी म्हटलं, कर की, तुझा हात आहे.

 ती म्हणाली, "नको. हात मुरगळलाय."

*

त्याच सुमाराला पद्माला एक गोष्ट दिसली. तिचं लक्ष असल्या ठिकाणी बरोबर जातं. ग्रुपवर आपण आवाज पाठवला की तो कुणी कुणी ऐकला, हे फोनवर बघता येतं. तिनं मला दुकानात येऊन दाखवलं. तिचं "तिन्नावा" ऐकणाऱ्यांत अक्काचा नंबर होता.

"फोन परत मिळाला की काय अक्काला?"

आम्ही रूपालीला विचारलं. ती म्हणाली, "नाही. फोन अजून कपाटात. चावी तात्यांच्या करदोट्याला."

फोन कपाटात गेल्यापासनचे आपापले आवाज आम्ही दोघींनी उघडून बघितले. पद्माचं ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं. अगदी पहिल्या दिवशीच्या "जेवलात का"पासनं, सगळे. 

मी पद्माकडं बघितलं. पद्मानं माझ्याकडं बघितलं. ग्रुपवर यातलं एक अक्षर टाकायचं नाही, असं आमचं ठरलं.

*

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ. मी एका गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल लावत होते आणि फोन वाजला. अक्काच्या नंबरवरनं मेसेज होता. आवाज नव्हता. टाइप केलेला होता.

"भाकरी चिरती. काय करावं."

अक्काला टाइप करता येत नाही. आणि अक्काची भाकरी जन्मात कधी चिरली नाही. दोन्ही गोष्टी ग्रुपमधल्या पोराबाळांनासुद्धा ठाऊक होत्या.

क्षणात सगळ्या टाइप करायला लागल्या. ते वर दिसतं ना, अमुक लिहितेय, तमुक लिहितेय. पाणी गरम घ्या म्हणून कुणीतरी सांगूनच टाकणार होतं. मी साडी टाकली आणि लिहिलं, "कुणीही उत्तर द्यायचं नाही. ज्या फोनवरनं विचारलंय त्या फोनची मालकीण उत्तर देईल."

मंजिरीनं मला खासगीत लिहिलं, "अगं, म्हातारा माणूस आहे, उपाशी असेल." मी म्हटलं, असू दे. कालवण-भात मिळतोय त्याला. आमची अक्का किती दिवस मुकी बसली, तिचं काय?

गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, साडी?" मी म्हटलं, थांबा हो जरा, इथं एका बाईचा फोन अडकलाय. ती बाई पण शहाणी, स्टूल ओढून शेजारी बसली.

 कुणी अंगठा नाही, बदाम नाही. भाभी एकदा "या अल्ला" म्हणाली, तेवढंच.

बऱ्याच वेळानं अक्काच्या नंबरवरनं आवाज आला. मी फोन मोठ्यानं लावला. आधी शेळी ओरडली. चंद्रीच ती, आवाज ओळखीचा होता. मग काहीतरी पितळी भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग अक्का.

"जेवला का गं समद्याजणी?"

आणि मग तोंड फोनपासनं बाजूला करून, घरातल्याच कुणाला तरी,

"आसं न्हवं भावजी. आदी पानी उकळू द्या. आन् ह्यो फोटू काढला त्यो पोटाकडनं हाय. नियम समद्यास्नी सारका. पाट दाखवा, पाट."